ग्राउल परतला म्हणून ओपेथ परतला का?

काळाडोह

मंडळी, ओपेथ या स्वीडनच्या मेटल बँडचा 'द लास्ट विल अँड टेस्टमेंट' हा अल्बम २२ नोव्हेंबर २०२४ला आला, तेव्हापासून जो भेटतो तो एकच सांगतो: "ओपेथ परत आला." म्हणायचं असतं ते हे की गायक मिकेल ऑकरफेल्टचा ग्राउल, म्हणजे घशातून काढलेला तो खोल, गुरगुरता आवाज, परत आला. २००८च्या 'वॉटरशेड'नंतर स्टुडिओच्या अल्बममध्ये तो आवाज नव्हता, आता १६ वर्षांनी आहे. मलाही आनंद झाला. पहिल्या गाण्यात तो आवाज आला तेव्हा मी गाडी कडेला घेऊन थांबलो, आणि गाणं संपेपर्यंत निघालो नाही.

पण महिनोन्महिने ऐकून झाल्यावर माझं मत वेगळं बनलंय. ओपेथचा जीव ग्राउलमध्ये कधीच नव्हता. तो वळणात आहे. 'ब्लॅकवॉटर पार्क'मधलं 'द ड्रेपरी फॉल्स' घ्या. सुरुवातीला अकूस्टिक गिटार, मग ती लांबट, रडवेली धून, आणि त्यावर साधं गाणं. निम्मं गाणं होईपर्यंत ग्राउलचा पत्ता नाही. आणि जेव्हा तो येतो तेव्हा आधीच्या पाच मिनिटांचा अर्थच बदलतो, वाटतं की हे सगळं याच जागी यायला निघालेलं होतं. याला मी वळण म्हणतो. हळूकडून जोरात जाणं हे तर कुणीही करतं. कुठल्या क्षणी जायचं, आणि परत कुठल्या वाटेनं यायचं, हे ओपेथइतकं कुणाला जमलेलं मी ऐकलं नाही.

या मापानं मोजलं तर माझी उतरंड अशी: सगळ्यात वर 'घोस्ट रेव्हरीज' (२००५), त्याला खेटून 'ब्लॅकवॉटर पार्क' (२००१), मग 'स्टिल लाइफ' (१९९९). 'पेल कम्युनियन' (२०१४) मी 'डिलिव्हरन्स'च्या वर ठेवतो, हे आत्ताच सांगून टाकतो. सगळ्यात खाली 'सॉर्सरेस' (२०१६). तिथे ग्राउल नाही हे कारण नाही. तिथे वळणांची ठिगळं झाली आहेत. 'स्ट्रेंज ब्रू' ऐकताना मला दर दीड मिनिटाला दुसऱ्याच गाण्यात नेऊन सोडल्यासारखं होतं.

तुमचं काय म्हणणं?

जुनीकॅसेट

काळाडोह, लिहिलंय छान, पण मूळ मुद्द्याशी असहमत.

मी डोंबिवलीहून रोज लोकलने जायचो तेव्हापासून ओपेथ ऐकतोय. 'मॉर्निंगराइज'ची एका मित्राने भरून दिलेली कॅसेट होती, ६६ मिनिटांत फक्त पाच गाणी. 'ब्लॅक रोझ इम्मॉर्टल' एकटंच २० मिनिटांचं. ठाण्याच्या अलीकडे सुरू झालेलं गाणं कुर्ल्यापर्यंत पुरायचं. त्या अल्बमला तुमचा वळणाचा नियम लावून बघा. वळणं शेकड्यानं आहेत, पण एकमेकांना चिकटलेली नाहीत. एक रिफ, म्हणजे गिटारचा फिरून फिरून येणारा तुकडा, संपतो, दुसरा सुरू होतो. तुमच्या मापानं तो अल्बम नापास व्हायला हवा. माझ्या छातीत मात्र आजही कालवतं. का? कारण तो आवाज. गळा फाडून ओरडणारा विशी-बाविशीतला पोरगा, आणि मागे त्या दोन गिटारी एकमेकींशी बोलत असतात.

ग्राउल म्हणजे वरून टाकलेला मसाला, असा सूर हल्ली फार ऐकू येतो. तो मला पटत नाही. ऑकरफेल्टच्या ग्राउलमध्ये शब्द कळतात. खोल असूनही त्याला आकार आहे, शेवट आहे, श्वास आहे. इतर शंभर बँड ऐका, मग फरक कळेल. हे वाद्य त्यानं २०११मध्ये खाली ठेवलं. 'हेरिटेज' आला त्या आठवड्यात मी तो सलग चार वेळा ऐकला, वाट बघत. शेवटपर्यंत काही आलं नाही. ते दुःख खरं होतं, आणि ज्यांना ते झालं त्यांना "तुम्हाला संगीत कळत नाही" असं म्हणणं बरोबर नाही.

माझा क्रम: 'स्टिल लाइफ', 'माय आर्म्स, युअर हर्स', 'ब्लॅकवॉटर पार्क'. नंतर मोठी मोकळी जागा. मग बाकीचे.

ठेका

दोघांच्याही क्रमात 'डिलिव्हरन्स' नीट नाही, म्हणून लिहायला बसलो.

मी आधी तबला शिकलो, नंतर ड्रम. 'डिलिव्हरन्स'च्या शीर्षकगीताची शेवटची तीन-साडेतीन मिनिटं हा माझ्यासाठी या बँडचा सर्वोच्च क्षण आहे. साडेतेरा मिनिटांचं गाणं, त्यातला जवळजवळ पाव भाग फक्त एका आकृतीवर उभा आहे. गिटार आणि पायानं वाजवायचा मोठा बास ड्रम एकाच वेळी पडतात, मध्ये पोकळी, पुन्हा पडतात. पहिल्यांदा ऐकताना बोटांवर मात्रा मोजायला जाऊ नका. हातानं फक्त ठोके द्या. दहाव्या-बाराव्या फेरीला हात आपोआप बरोबर पडायला लागतो, आणि तेव्हा लक्षात येतं की ड्रमर मार्टिन लोपेझ वर झांजांवर काहीतरी वेगळंच सांगतोय. खाली लग्गी धरून वरचा हात मोकळा सोडावा तसं. आवर्तन तेच, पण प्रत्येक वेळी निराळं ऐकू येतं.

मी हे वाजवायला सात महिने घेतले. पायाची पिंडरी दुखून रात्री झोप यायची नाही. वेग हा त्यातला कठीण भाग नाहीच. कठीण आहे पोकळी तितकीच ठेवणं. हात उतावीळ होतो आणि पुढचा ठोका केसभर आधी पडतो. लोपेझचा पडत नाही.

लोपेझ आणि बासवाला मेंडेझ, दोघांची मुळं उरुग्वेची. १९९८च्या 'माय आर्म्स, युअर हर्स'पासून लोपेझ ड्रमवर आहे (त्या अल्बमवर बास मात्र ऑकरफेल्टनंच वाजवला, मेंडेझ नुकता आला होता), आणि 'घोस्ट रेव्हरीज' त्याचा शेवटचा. आता तुम्हा दोघांचे आवडते अल्बम बघा. 'मॉर्निंगराइज' सोडला तर सगळे याच सात वर्षांतले. तुम्ही ग्राउल आणि वळण यावर भांडताय, मला वाटतं तुम्हाला दोघांनाही लोपेझ आवडतो.

काळाडोह

ठेका, हे मी आजवर असं जोडून पाहिलं नव्हतं. खरंच, 'बिनीथ द मायर'सारख्या गाण्यात तो डोलारा लोपेझनंच पेललाय. त्याच्यानंतर आलेला ड्रमर मार्टिन ॲक्सेनरॉट हात-पायांनी जास्त ताकदवान असेल, पण तो डौल नाही.

तरी 'डिलिव्हरन्स' अल्बम म्हणून मला जड जातो. तो आणि 'डॅम्नेशन' एकत्रच ध्वनिमुद्रित झाले, पाच-सहा महिन्यांच्या अंतरानं बाहेर आले, नोव्हेंबर २००२ आणि एप्रिल २००३. एकात सगळा अंधार, दुसऱ्यात ग्राउलचा एकही शब्द नाही. माझी तक्रार हीच. बँडनं आपले दोन हात दोन वेगळ्या खोल्यांत ठेवले. 'डिलिव्हरन्स'मध्ये उसंत कमी म्हणून जोराची किंमत कळत नाही, 'डॅम्नेशन'मध्ये धोका नाही.

जुनीकॅसेट

'अ फेअर जजमेंट' आहे की 'डिलिव्हरन्स'वर. उसंत नाही असं कसं म्हणता?

आणि 'डॅम्नेशन'मध्ये धोका नाही हे तर अजिबात मान्य नाही. 'क्लोजर' ऐका रात्री दिवे घालवून. शेवटी तो ताल चढत चढत जातो आणि मध्येच कापतो. सुरी फिरवल्यासारखा. पहिल्यांदा मला वाटलं सीडी खराब आहे. ग्राउलशिवायची भीती तिथे आहे. म्हणजे बघा, ग्राउलच हवा असा माझा हट्ट नाहीच. 'डॅम्नेशन' मला प्रिय आहे, 'हेरिटेज' नाही. कारण 'डॅम्नेशन'मध्ये तो दुःखी होता, 'हेरिटेज'मध्ये तो त्याच्या आवडत्या जुन्या तबकड्या आपल्याला दाखवत होता.

स्टॉकहोमवासी

वाचत होते, पण 'हेरिटेज'बद्दलच्या या शेवटच्या वाक्याला उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही.

मी मूळची सांगलीची, आता बरीच वर्षं स्वीडनमध्ये. 'हेरिटेज' मला इथे येण्याआधी कळला नव्हता, हे मान्य करते. त्याचं पहिलं गाणं म्हणजे दोन मिनिटांचा पियानोचा तुकडा. यान योहानसन नावाचा इथला पियानोवादक होऊन गेला. १९६४मध्ये त्यानं स्वीडनची जुनी लोकगीतं फक्त पियानो आणि डबल बासवर वाजवली, 'यॅझ पो स्वेन्स्का' नावाच्या अल्बममध्ये. इथल्या घराघरांत तो असतो. आपल्याकडे सकाळी रेडिओवर अभंग लागावा तशी ती ओळख आहे. नोव्हेंबरात दुपारी साडेतीनला अंधार पडायला लागतो, रस्त्यावर बर्फ आणि पाणी यांचा चिखल, घराच्या प्रत्येक खिडकीत एक छोटा दिवा. अशा वेळी शेजारच्या आजींच्या घरातून ते सूर यायचे. नंतर 'हेरिटेज' लावला तर पहिल्या दहा सेकंदांत तेच वातावरण. अल्बमचं नाव 'वारसा' का आहे ते तेव्हा समजलं.

जुनीकॅसेट, तो तबकड्या दाखवत नव्हता. तो घरी जात होता. 'फॅमिन'मधली बासरी ऐका, ती ब्योर्न जेसन लिंद यांची आहे, तेही इथल्याच जुन्या पिढीतले.

आणि एक सांगते. 'इन काउडा वेनेनम' (२०१९) तुम्ही सगळ्यांनी बहुतेक इंग्रजीत ऐकला असेल. तो आधी स्वीडिशमध्ये लिहिला गेला, इंग्रजी नंतर झालं. कृपया स्वीडिश ऐका, भाषा येत नसली तरी. 'मिन्नेत्स यूता' या गाण्याच्या नावाचा अर्थ होतो 'आठवणीचा पृष्ठभाग'. इंग्रजीत त्याचं 'लव्हलॉर्न क्राइम' झालं. दोन्ही नावं शेजारी ठेवा आणि काय हरवलं बघा. स्वीडिश स्वर लांब असतात, ओठ गोल करून म्हणावे लागतात, आणि ऑकरफेल्टचा साधा आवाज त्या स्वरांत जसा विसावतो तसा इंग्रजीत विसावत नाही. माझ्यासाठी गायक म्हणून त्याचं सगळ्यात मोठं काम तेच, ग्राउल धरूनसुद्धा.

जुनीकॅसेट

ताई, योहानसनचा तो अल्बम आज दुपारी शोधून ऐकला. ऐकल्यावर लगेच 'हेरिटेज' लावला.

पियानोबद्दलचा शब्द मागे घेतो. बाकीच्या अल्बमबद्दल अजून नाही. पण 'फोकलोर'च्या शेवटाला पूर्वी मी कधी थांबलो नव्हतो, आज थांबलो.

नितळ

नमस्कार. मी या संगीतात अगदी नवीन आहे. लहानपणापासून ख्याल शिकतेय. भावाच्या खोलीतून ओपेथ ऐकू येतं, मऊ भाग फार सुंदर वाटतात, पण तो आवाज सुरू झाला की माझा हात आपोआप आवाज कमी करायला जातो. गळ्यावर ताण आलेला ऐकला की मला शारीरिक त्रास होतो, शिकवणीचा परिणाम असेल. मी कुठून सुरुवात करावी? की माझ्यासाठी हे नाहीच?

ठेका

'डॅम्नेशन'. पहिलं गाणं 'विंडोपेन'. डोळे मिटून.

काळाडोह

नितळताई, ठेका म्हणतात ते सोपं आहे, पण माझा सल्ला वेगळा. 'डॅम्नेशन'पासून सुरू केलंत तर तुम्ही तिथेच राहाल. माझ्या ओळखीत असे चार जण आहेत. सुंदर अल्बम आहे, पण ते ओपेथचं अर्धं अंगण आहे.

'घोस्ट ऑफ पर्डिशन' ऐका. साडेदहा मिनिटं. हेडफोन लावणार असाल तर आधीच सांगतो, सुरुवातीला गिटारचे काही सेकंद अगदी हळू स्वर येतात आणि मग एकदम सगळा बँड कोसळतो, ग्राउलसकट. दचकाल. पण तिथून पुढे काय होतं ते बघा. तोच माणूस जरा वेळानं इतक्या मायेनं गातो की दोन्ही गळे एकाच देहात आहेत यावर विश्वास बसत नाही. पर वाइबर्गचे कीबोर्ड या अल्बमपासून बँडचा कायमचा भाग झाले, त्यामुळे दोन टोकांच्या मध्ये प्रथमच नीट पूल आला. म्हणून हा अल्बम मी सगळ्यांत वर ठेवतो. वळणं आधीही होती, इथे ती दिसेनाशी झाली.

२००९च्या सुरुवातीला आयआयटी मद्रासच्या 'सारंग' महोत्सवात ओपेथ आला होता. पुण्याहून आम्ही तिघं रेल्वेनं गेलो, साधा डबा, जाताना झोप नाही. मला त्या रात्रीतलं जोराचं काही फारसं आठवत नाही. आठवतं ते हे की मध्येच बँड खाली उतरला, एकच गिटार उरली, आणि एवढी प्रचंड गर्दी गप्प झाली. माझ्या पुढे एक मुलगा मान खाली घालून उभा होता, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. जोराचा भाग पुन्हा येणार हे सगळ्यांना पाठ होतं, तरी कुणी ओरडून ती शांतता मोडली नाही. मी वळण वळण करतोय ते तिथपासून.

जुनीकॅसेट

नितळ, मी तिसरं सांगतो. 'स्टिल लाइफ', पण आधी गोष्ट समजून घ्या. गोष्ट न कळता ऐकलंत तर ग्राउल नुसता कर्कश वाटेल.

एका माणसाला श्रद्धा नाही म्हणून गावानं हाकलून दिलेलं असतं. बऱ्याच वर्षांनी तो परततो, मेलिंडा नावाच्या मुलीसाठी. पाचवं गाणं 'फेस ऑफ मेलिंडा'. तिथे तो तिला भेटतो. ब्रशनं वाजवलेले ड्रम, अगदी दबकं गाणं, ग्राउल नाही. ती सांगते, मी शब्द दुसरीकडे दिलाय, पण मन तुझंच आहे. मग सहावं गाणं सुरू होतं, 'सेरेनिटी पेंटेड डेथ'. गावानं तिला मारलंय, आणि त्याला ते कळलंय.

मी ग्राउलला वाद्य म्हणालो होतो, ते अपुरं होतं. इथे ती त्या माणसाची अवस्था आहे. तुम्ही ख्याल शिकताय, तुम्हाला स्वर सांभाळायला शिकवलंय. या माणसाकडे आता सांभाळायला काही उरलेलं नाही. पाचवं आणि सहावं सलग ऐका. मध्ये थांबू नका.

काळाडोह, आणि तुम्हाला हेही सांगतो: 'लास्ट विल' मला आवडतो तो याचसाठी. पहिल्या महायुद्धानंतरचा काळ, एका श्रीमंत, करड्या बापाचं मृत्युपत्र वाचलं जातंय, गाण्यांना नावं नाहीत, फक्त कलमांचे आकडे. मेलेल्या माणसाची हुकमत त्या ग्राउलमधून येते. तीच गोष्ट साध्या गळ्यानं सांगितली असती तर तो बाप इतका भीतीदायक झाला असता का? तुमच्या वळणाला ग्राउल लागला, हे कबूल करा.

काळाडोह

त्या अल्बमपुरतं कबूल. मेलेला बाप ग्राउलशिवाय उभा राहिला नसता.

पण त्याच अल्बमचं शेवटचं गाणं बघा. सात कलमांनंतर 'अ स्टोरी नेव्हर टोल्ड', एकट्यालाच नाव आहे, आणि ते संपूर्ण साधं गायलेलं. जिला सगळी इस्टेट मिळाली त्या मुलीला शेवटी पत्र येतं की तीही त्याचं रक्त नाही. एवढा मोठा घाव अगदी हळू आवाजात घातलाय. आधीच्या सात कलमांतला सगळा दरारा त्या एका गाण्यात पोकळ ठरतो. ते वळण ग्राउल संपल्यामुळे आहे, असल्यामुळे नाही.

ठेका

तुम्ही दोघं आता एकच गोष्ट सांगताय.

आणि नव्या ड्रमरबद्दल कुणीच बोललं नाही. वाल्टेरी वायरिनन, फिनलंडचा. त्याचा ओपेथबरोबरचा हा पहिलाच अल्बम. तिसरं कलम पुन्हा ऐका, फक्त स्नेअर ड्रमकडे लक्ष देऊन. घोस्ट नोट्स, म्हणजे मुख्य ठोक्यांमधले जेमतेम ऐकू येणारे हलके ठोके, इतक्या बारीक की तबल्यावर बोटांच्या टोकांनी भरलेल्या जागा आठवतात. लोपेझनंतर पहिल्यांदा मला या बँडमध्ये हात ऐकू आला. मी आज रात्रीपासून बसतोय त्यावर.

स्टॉकहोमवासी

त्याच अल्बमवर जेथ्रो टल या जुन्या ब्रिटिश रॉक बँडच्या इयन अँडरसनची बासरी आहे, चौथ्या आणि सातव्या कलमात. ऑकरफेल्ट ज्यांच्या तबकड्या ऐकत वाढला त्यातलेच ते. जुनीकॅसेट, 'हेरिटेज' झाला नसता तर ती बासरी तिथे आली असती का, याचा विचार करा. 'हेरिटेज'पासूनची ती १३-१४ वर्षं वाया गेलेली नाहीत. कीबोर्डचे ते सगळे रंग, तंतुवाद्यं, एकावर एक रचलेले गळे, हे सगळं त्या काळात शिकून घेतलंय आणि आता ग्राउलच्या मागे उभं आहे.

जुनीकॅसेट

विचार करतोय, ताई.

'हेरिटेज' चौथ्या जागेवर आणायची माझी तयारी नाही. पण मोकळी जागा सोडून बाकीचे, असं मी वर लिहिलं होतं, त्या ढिगातून तो बाहेर काढतो. 'पेल कम्युनियन'सुद्धा, 'फेथ इन अदर्स'साठी.

नितळ

पाच दिवसांनी लिहितेय. तिघांचंही ऐकलं.

'विंडोपेन' पहिल्या दिवशी, लगेच आवडलं, गुणगुणतेय अजून. 'घोस्ट ऑफ पर्डिशन'ला दोनदा हेडफोन काढले. तिसऱ्यांदा पूर्ण ऐकलं, पण दात आवळून.

काल रात्री 'स्टिल लाइफ', गोष्ट मनात धरून. पाचवं गाणं संपलं तेव्हा मला पुढे काय होणार ते माहीत होतं. सहाव्याच्या सुरुवातीला मी सवयीनं आवाजाच्या बटणावर बोट ठेवलं. तो आवाज आला. बोट तसंच राहिलं, खाली दाबलं गेलं नाही. गळ्यावर ताण आहे हे कळत होतं, आणि तो तिथे असायलाच हवा होता.

भाऊ दारात उभा होता, त्याला वाटलं त्याच्याच खोलीत गाणं चालू राहिलंय.

जुनीकॅसेट

मग आज 'व्हाइट क्लस्टर' ऐका. त्याचं काय होतं ते त्यात आहे. गोष्ट मी सांगत नाही.